खिळा न वापरता

रविवारी तायडे पाळकांनी पुन्हा विचारलं,
आपल्याविषयी देवाचा संकल्प कोणाकोणाला कळलाय?
नऊ हात वर झाले.
माझा मांडीवरच राहिला,
बोटांना सोल्युशनचा वास.

एकोणिसाव्या वर्षी मीही उभा राहिलो होतो,
शिबिराच्या मांडवात, रडत.
पाठव म्हणालो, कुठेही पाठव.
कुठेही म्हणजे माझ्या मनात
एक व्यासपीठ होतं, पांढरा झगा,
आणि माझ्या आवाजानं गप्प झालेली माणसं.
सेमिनरीत वर्षभर टिकलो. ग्रीकमध्ये दोनदा नापास.
परतवाड्याच्या एसटीनं घरी आलो
आणि मिशनच्या दवाखान्यात, चपलांच्या खोलीत,
बारकूमामांच्या हाताखाली बसलो.
तात्पुरता.

त्याला सव्वीस वर्षं झाली.

इथे पाय येतात.
बोटं झडलेले, आत वळलेले,
डावा एका मापाचा, उजवा भलत्याच.
खाकी कागदावर पाय ठेवायचा,
कडेनं पेन्सिल फिरवायची.
गुदगुल्या कोणालाच होत नाहीत.
ते कागद मी टाकत नाही, फळीवर थप्पी लावलीय.
त्यातले कितीतरी पाय आता मातीत आहेत.

मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
'ह्या चपलेले खिळा मारत नाही, बाप्पा.
खिळा वर आला तं त्याले समजत नाही.
रक्ताचा माग पडीन,
दुसऱ्यानं सांगतल्यावर थो खाली पाहीन.'
शिवायचं. चिकटवायचं.
मग आत हात घालून सगळीकडे फिरवायचा.
त्याला जे टोचणार नाही
ते तुला टोचलं पाहिजे.

मामा गेले, बोलणं राहिलं.
उपासनेत समोरच्या लाकडी क्रुसाकडे बघताना
कधीकधी तेच आठवतं, खिळा,
आणि मी नजर वळवतो.
उगाच जुळवाजुळव करायची नाही, असं ठरवलंय.

मागच्या चैत्रात मेळघाटातून सुमरतीबाई कासदेकर आली.
टाचेला रुपयाएवढं भोक,
आत पऱ्हाटीचं धसकट मोडलेलं,
तिला पत्ताच नाही.
मी चिडलो. चपला कुठं आहेत?
तिनं पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली.
वर्षापूर्वीच्या, कोऱ्या. तळाला धूळसुद्धा नाही.
'इतक्या चांगल्या चपला मातीत कायले घालू, भाऊ?
पोराच्या लग्नात घालीन म्हनलं.'

मी हसणारच होतो.
पण ती गाठ ओळखीची निघाली.
तसंच काहीतरी फडक्यात बांधून
मीही वर ठेवून दिलं होतं,
चांगल्या दिवसासाठी, चांगल्या माणसांसाठी,
आणि अनवाणी हिंडत होतो
ह्या खोलीतून त्या वॉर्डात,
रक्त कुठून येतंय ते न कळता.

सहा आठवडे ती वॉर्डात पडून होती.
निघाली त्या दिवशी मी चपला तिच्या पायात घातल्या,
बंद लावले,
आणि नळाजवळच्या चिखलातून तिला चालायला लावलं.
आधी रागावली.
मग मागे वळून वळून
आपलेच ठसे बघत राहिली.

उपासना सुटल्यावर पाळक चिंचेखाली भेटले.
शिमोन, तुझा हात दिसला नाही.
मला अजून नाही कळलं, म्हटलं.
तुझ्यासाठी प्रार्थना करतो, म्हणाले.
करा. आणि अमरावतीला एक फोनही करा,
रबराचे ताव महिनाभर आले नाहीत.

काल एका म्हाताऱ्याची जोडी पुरी झाली.
दिवा जवळ ओढला, आत हात घातला, फिरवला.
अंगठ्याच्या जागी,
म्हणजे त्याचा अंगठा जिथे असायचा तिथे,
काहीतरी लागलं.
दोऱ्याची गाठ. ज्वारीच्या दाण्याएवढी.

उसवली.
पुन्हा शिवायला घेतली.